कलम जगलं की नाही, ते कसं ओळखायचं?

योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात एक दाखला आहे. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, शिष्यांना त्या वेलाचे फाटे म्हणतो, आणि सांगतो की वेलात राहिलेल्या फाट्यालाच फळ येतं, तुटलेला वाळतो आणि जळणात जातो. ख्रिस्ती मंडळी 'फलदायी जीवन' हा शब्द वापरतात तो इथून आलाय. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण हा दाखला मला वर्षानुवर्षं चिकटून बसलाय, कारण त्यातला प्रश्न कुणालाही लागू पडतो. जोडलेलं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि फळ आलं हे ठरवायचं कुणी?

या वीकएंडला त्या प्रश्नाचा मराठी इतिहास लिहायचा विचार आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या तीन माणसांनी हा दाखला आपल्या अंगावर घेतला, त्यांचा: पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. (लोकमान्य वेगळे. गोंधळ नको. ते मध्ये एकदा येतील, पण विरुद्ध बाजूने.)

आता अडचण अशी, की आमचं गाव कळंब. नेरळहून मुरबाडला जाताना लागतं ते, कर्जत तालुक्यातलं. इथे द्राक्षवेल कुणी पाहिलेली नाही. भात, आंबा, जांभूळ, करवंद हे आमचं. त्यामुळे वेल आणि फाटा म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे काही येत नाही, पण कलम म्हटलं की लगेच येतं. आणि कलमातही दोन प्रकार आहेत, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

एक कोय कलम. पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या कोयी रुजवायच्या, रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना त्याचा शेंडा उडवायचा, खाच घ्यायची आणि चांगल्या झाडाची काडी कापून तिथे बसवायची. वर प्लास्टिकची पट्टी. काडी आपल्या झाडापासून एका झटक्यात तुटलेली असते. नव्या मुळाने धरलं तर जगली, नाहीतर आठवड्याभरात काळी पडते. दुसरं भेट कलम. यात काडी कापत नाहीत. रोपाची कुंडीच उचलून मोठ्या झाडाच्या फांदीपाशी न्यायची, दोघांची साल थोडी तासायची आणि दोघांना एकमेकांना बांधून ठेवायचं. दोन-तीन महिने फांदीला दोन्हीकडून पाणी मिळतं, जुन्या झाडाकडूनही आणि नव्या मुळाकडूनही. सांधा जुळला की जुन्या बाजूने आधी अर्धी खाच, काही दिवसांनी पुरता काप.

गंमत म्हणजे ही कलमं बांधायची विद्या आपल्याकडे आंब्यावर आणली ती पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात जेसुइट पाद्र्यांनी, असं मानलं जातं. हापूस हे नावच मुळी अफोन्सोवरून आलेलं. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत! म्हणजे परक्या काडीला देशी खुंट हा प्रयोग आंब्यावर आणि धर्मावर जवळपास एकाच अंगणात चालला होता. असो.

आधी रमाबाई. त्यांची गोष्ट बहुतेकांना शाळेच्या पुस्तकाइतकी माहीत असते. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, भारतभर पायी पुराणं सांगत फिरणं, दुष्काळात आईवडील आणि बहीण जाणं, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा. इथे पुस्तकातला धडा संपतो: बाई ख्रिस्ती झाल्या.

पण खुद्द रमाबाईंचं म्हणणं निराळं होतं. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलेला होता, ख्रिस्त मात्र सापडलेला नव्हता. मला हे विधान फार मोठं वाटतं. विचार करा. ही आठ वर्षं रिकामी नव्हती. याच काळात त्या अमेरिकेत गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक गाजलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं. बाहेरून बघणाऱ्याने या झाडाला फळंच फळं लागलीत असं म्हटलं असतं. आणि झाडाला स्वतःला ठाऊक होतं की सांधा अजून जुळलेला नाही.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. दोन सर्व्हर एकमेकांना जोडले म्हणजे काम झालं असं नसतं. दर काही सेकंदांनी एकाने दुसऱ्याला एक छोटा निरोप पाठवायचा असतो, 'आहेस ना?', त्याला हार्टबीट म्हणतात. हा निरोप थांबला तरी कनेक्शन यादीत दिसत राहतं. यादी हिरवी आणि पलीकडे कुणीच नाही, असं रात्री दोन वाजता अनेकदा बघितलंय. रमाबाईंनी आपल्या बाबतीत ही तपासणी स्वतःच केली आणि निकालही स्वतःच जाहीर केला. कुणी विचारलेलं नसताना.

वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तोही याच अंगाने वाचण्यासारखा आहे. तिथल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. मांसाहार त्यांनी कधीच स्वीकारला नाही. चर्च सांगतं म्हणून नव्हे, पटेल तेवढंच मानेन, हा त्यांचा हट्ट. इंग्रज मंडळींना हा गर्व वाटला. मला तो कलम बांधणाऱ्याचा काटेकोरपणा वाटतो. साल स्वच्छ तासली नाही तर वरून कितीही घट्ट बांधा, आत हवा राहते.

मग १८९३. शारदा सदन तोवर पुण्याला आलेलं. मुली रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला बसतात या बातमीवरून गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली (हे ते लोकमान्य), न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ म्हणून सुरू झालेली संस्था, आणि तिची चालिका प्रार्थनेचं दार उघडं ठेवून बसलेली. पालकांना शंका येणारच. पण रमाबाईंचा प्रश्नही खरा होता. माझ्या घरात मी दार लावून का प्रार्थना करू?

योहानाच्या दाखल्यात आणखी एक वाक्य आहे ज्याकडे आपण आंबेवाले दुर्लक्ष करतो: फळ देणाऱ्या फाट्याचीही छाटणी होते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि दुसऱ्यांदा कात्री लागल्यावरच घड येतो. न छाटलेली वेल नुसती पानं काढत बसते. १८९३ नंतर रमाबाईंनी जे केलं ते बघा. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि चक्क फळबाग लावली. देणग्यांवर कायम अवलंबून राहायला नको, बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशोब. 'फलदायी जीवन' हे शब्द इतक्या शब्दशः कुणी घेतले नसतील!

त्या बागेचं पुढे काय झालं? १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या, शेकड्यांनी. बागेत तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती मिशन झालं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, अंध मुलींसाठी ब्रेल, आणि छापखाना, ज्यात खिळे जुळवण्यापासून सगळं काम बायका करत. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट आली, मोठ्याने रडणं, रात्ररात्र प्रार्थना, त्याने काही मिशनरी सुद्धा बिचकले. मला त्या लाटेबद्दल फारसं बोलता येत नाही, तो माझा प्रांत नाही. माझं लक्ष छापखान्यावर जातं. कारण शेवटची वर्षं रमाबाईंनी तिथेच घालवली. उपलब्ध मराठी बायबलची भाषा संस्कृतने जड, खेड्यातल्या बाईला न कळणारी, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकटीने सोप्या मराठीत आणलं. हे काम म्हणजे त्यांचं रोजचं 'आहेस ना?' असावं असं मला वाटतं. १९२१ ला मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. बायबल छापून पूर्ण झालं १९२४ साली, मुक्तीतल्याच बायकांच्या हातांनी.

आता टिळक. आणि इथे कळंबकरांना जरा जवळ यायला हरकत नाही. आमच्या पोशीर नदीचं पाणी उल्हासला मिळतं आणि उल्हास पुढे बदलापूरवरून कल्याणला जाते. त्या कल्याणला १८६९ ते १८७३ या काळात हा मुलगा शाळेत होता. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई गेल्यावर तो नाशिकला निघून गेला आणि तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. १८८० मध्ये लग्न झालं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. त्याच लक्ष्मीबाई.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला नोकरीवर जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं, पण वाचायचं वचन दिलं होतं म्हणून वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. घरी बायकोला पत्ता नाही. झटक्यात तोडलेली काडी. कोय कलम.

तिकडे लक्ष्मीबाईंचं काय? त्यांच्या वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेलं धान्यही धुऊन घरात यायचं. त्या घरातली मुलगी, पदरात लहान मुलगा, आणि नवरा 'बाटला'. नातेवाईकांनी पंढरपूरला नेलं. पुढे त्या नगरला (आताचं अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या, पण सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. फांदी दोन्ही झाडांना बांधलेली. मग एक दिवस त्यांच्या मनाने घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी चालू. ही अर्धी खाच. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. कुठल्याही पाद्र्याने इतकं चोख भेट कलम बांधलं नसतं, आणि गंमत अशी की ते कुणी बांधलंच नव्हतं. टिळकांनी घाई केली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. बाकी संसाराच्या बाबतीत त्यांना फार श्रेय देता येत नाही. हातात येईल ते वाटून टाकायचं, संतापायचं, अचानक निघून जायचं. घर चालवलं लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. बाईंनी हसत हसत सगळं सांगितलंय म्हणून आपणही हसतो, एवढंच.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवू लागले, १९०४ ला रेव्हरंड झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक. पण त्यांच्या मनात एक खुपत होतं. आमच्या इथून माथेरानचा डोंगर दिसतो, तिथे साहेबांनी उन्हाळ्यासाठी बांधलेली चर्चं आहेत. थंड हवा, इंग्रजी उपासना. मैदानावरच्या मराठी मंडळ्यांतही गाणी बरीचशी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं. टिळकांना वाटायचं हे कुंडीतलं झाड आहे, मुळं मातीपर्यंत पोचलेलीच नाहीत. स्वतःबद्दल ते म्हणत की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. हा नुसता अलंकार समजू नका. वारकऱ्याला देवाशी जोडलेलं राहायची एक रीत माहीत असते: नाम, अभंग, कीर्तन, रोज, एकट्याने आणि चारचौघांत. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीपासून होत होतं. पण टिळकांनी ती अख्खी रीत उचलून ख्रिस्तापुढे ठेवली. येशूला त्यांनी आई म्हटलं, गुरु म्हटलं. शेकडो गाणी लिहिली. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांचा मोठा वाटा आहे.

माझ्या मते इथे टिळकांनी दाखल्यातल्या 'जोडलेलं राहा' या आज्ञेचं मराठी उत्तर शोधलं. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी मनन, शांतवेळ वगैरे शब्द असतात, आणि ते वाचून आपल्याला काही होत नाही. टाळ हातात आला की होतं.

आणि फळ? मिशनचा अहवाल फळ मोजायचा ते बाप्तिस्म्यांत. इतके झाले, इतके उरले. या हिशोबात बसत नाही असं एक पोर टिळकांच्या घरात वाढत होतं: त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, टिळकांनी कविता शिकवली. तो ख्रिस्ती झाला नाही, कुणी त्याला तसं करायला गेलंही नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला. मराठी निसर्गकविता त्याच्याशिवाय काय असती? पण अहवालात त्याचा रकाना नाही. तसाच रकाना नाही त्या अनाथ मुलांचा जी टिळकांच्या घरी येत राहिली, आणि नगरला प्लेग आल्यावर लक्ष्मीबाई ज्यांच्या उशाशी राहिल्या त्या मुलींचा.

१९१७ च्या सप्टेंबरात टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, पगार गेला, आणि ते साताऱ्याला जाऊन राहिले. तिथे काढला 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील असा. आज ऐकायला साधं वाटतं. त्या काळात हे म्हणजे कुंपणच काढून टाकणं होतं, आणि दोन्हीकडच्या लोकांना ते खटकलं. आत कोण आणि बाहेर कोण, हे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून कळत नाही, असं टिळकांचं म्हणणं. रमाबाई स्वतःच्या आठ वर्षांबद्दल हेच सांगत होत्या, फक्त उलट्या टोकाने: नोंदवहीत नाव होतं आणि मी आत नव्हते.

दरबार संस्था म्हणून टिकला नाही. टिकायला वेळच मिळाला नाही, ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. नोकरी सोडून दोन वर्षंही झाली नव्हती. काही अभ्यासक या प्रयोगाला अपयशी म्हणतात, आणि संस्थेच्या हिशोबाने ते बरोबर आहे. पण उपमा एकदा हातात घेतलीच आहे तर सांगतो, कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षीचा मोहोर तर शहाणा बागवान खुडून टाकतो.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जैतुनाच्या कलमाची गोष्ट आहे, तिथे मात्र सगळं उलटं आहे: रानटी फांदी चांगल्या झाडावर बांधलेली. आमचा कुठलाही बागवान हसेल. कलम चांगल्या काडीचं रायवळ खुंटावर करतात, रानटी काडी चांगल्या झाडावर कोण बांधेल? पौलालाही ते माहीत असावं, तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाविरुद्ध आहे. टिळकांच्या बाबतीत खुंट कुठला आणि काडी कुठली हे मी बराच वेळ ठरवत बसलो होतो. तुकाराम खुंट आणि ख्रिस्त काडी? की ख्रिस्त वेल आणि देहूचा फाटा? ठरलं नाही. उपमा एवढीच ताणावी.

राहिलं 'ख्रिस्तायन'. येशूचं ओवीबद्ध चरित्र टिळकांनी १९०९ मध्ये सुरू केलं होतं, स्टीफन्सनंतर जवळपास तीनशे वर्षांनी. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून. विधवापण, मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची नोकरी, मग मुलाकडे कराचीला. या सगळ्यात त्यांनी ते बाड पुढे न्यायला घेतलं. साठहून जास्त अध्याय त्यांचे आहेत. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले ते याच वर्षांत. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला, आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' छापून आलं.